४५१ नाबाद, पुढे काय?

डिसेंबर २०११. कूचबिहार ट्रॉफी, म्हणजे एकोणीस वर्षांखालच्या मुलांची देशातली मोठी स्पर्धा. महाराष्ट्र विरुद्ध आसाम. जालन्याचा सतरा वर्षांचा डावखुरा फलंदाज विजय झोल ४६७ चेंडू खेळतो आणि ४५१ धावांवर नाबाद राहतो. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२ केल्या होत्या. दोन सामन्यांचा दर्जा वेगळा, काळ वेगळा, गोलंदाज वेगळे. तरीही आकडे शेजारी ठेवले की मध्ये एका धावेचं अंतर उरतं.

आमच्या जिल्ह्यात हा आकडा ज्याला माहीत असतो, तो आकड्यामागोमाग एक प्रश्न विचारतोच. "मग पुढे काय झालं त्याचं?" प्रश्न विचारण्याची पद्धतही ठरलेली. आवाज थोडा खाली येतो, मान किंचित हलते. उत्तर काय असणार हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

मला या लेखात त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. झोलच्या आजच्या आयुष्याशी आपला काही संबंध नाही. मला तो प्रश्नच तपासायचा आहे. एखाद्याने सतराव्या वर्षी असामान्य काहीतरी केलं, तर त्याच्यावर आपला कुठला हक्क तयार होतो का? आणि पुढे तसं काही घडलं नाही, तर आधीचं घडलेलं कमी होतं का?

आधी जे नोंदीत आहे ते बघू. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात झोल होता. २०१३ मध्ये रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने त्रिपुराविरुद्ध नाबाद द्विशतक केलं. २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने भारताला हरवलं. त्याच वर्षी तो आयपीएलमध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूच्या संघात होता. भारताच्या मुख्य संघात मात्र तो कधी खेळला नाही.

आता जालना काय आहे ते सांगतो, म्हणजे या यादीचं वजन कळेल. १ मे १९८१ ला वेगळा झालेला हा जिल्हा. आठ तालुके. शहरात सळयांचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या, बाहेर कापूस, सोयाबीन आणि मोसंबी. "जालना सोने का पालना" ही म्हण आम्ही अजून वापरतो, बहुतेक वेळा उपरोधाने. मुंबई-पुण्याच्या पोराला क्लब, नेट, कोच आणि मॅच बघायला येणारे निवडकर्ते लोकलच्या अंतरावर मिळतात. आमच्याकडून निघायचं तर आधी किट बॅग घेऊन रेल्वेत जागा मिळवावी लागते. अशा ठिकाणाहून एक मुलगा भारताच्या युवा संघाचा कर्णधार होतो, आणि आम्ही त्याच्याबद्दल मान हलवून बोलतो.

"वाया गेला" हे दोन शब्द मराठीत फार सहज निघतात. पाणी वाया जातं, भात वाया जातो, पैसा वाया जातो. जे एखाद्या कामासाठी होतं आणि त्या कामाला आलं नाही, ते वाया. माणसाला हा शब्द लावतो तेव्हा आपण नकळत तीन गोष्टी धरून चालतो. एक, तो पराक्रम त्याच्या एकट्याच्या मालकीचा होता, म्हणून पुढचा हिशेबही त्याच्या एकट्याचा. दोन, त्या पराक्रमात एक वचन होतं आणि ते मोडलं. तीन, कारकिर्दीचं मोल तिच्या शेवटच्या पायरीवरून ठरतं. तिन्ही गोष्टी एकेक करून बघू.

*

विक्रम नेमका कोणाचा असतो?

यासाठी थोडं दूर जाऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'वाइड रिसीव्हर' नावाची एक जागा असते. हा खेळाडू मैदानाच्या कडेला उभा राहतो, इशारा झाला की सुसाट पळतो आणि दुसऱ्याने फेकलेला चेंडू हवेत झेलतो. या जागेवरचा सर्वांत मोठा खेळाडू जेरी राइस. जन्म १९६२, मिसिसिपी राज्यातला. वडील गवंडी होते. उन्हाळ्यात वडिलांच्या कामावर भाऊ विटा फेकायचे आणि हा त्या झेलायचा. पुढे वीस हंगामांत त्याने १,५४९ झेल घेतले आणि २२,८९५ यार्ड अंतर कापलं. यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला लॅरी फिट्झजेराल्ड त्याच्या पाच हजारांहून अधिक यार्ड मागे आहे.

हा विक्रम राइसचाच आहे, यात वाद नाही. पण त्याने झेललेला प्रत्येक चेंडू आधी कोणीतरी फेकला होता. त्यातले बरेच जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग यांनी फेकले, आणि तेही त्या खेळातले दिग्गज. फेकणाऱ्याला अंगावर धावून येणाऱ्यांपासून वाचवायला पाच धिप्पाड माणसं पुढे उभी होती, त्यांची नावं तुम्हाला आणि मला माहीत नाहीत. झेल घेणाऱ्याचं काम असं की चेंडू आलाच नाही तर त्याची सगळी धाव कागदावर शून्य. राइसच्या पायांत तीच ताकद असती आणि फेकणारा सुमार असता, तर २२,८९५ हा आकडा नसता. राइस मात्र तोच असता.

फलंदाज एकटा दिसतो म्हणून त्याचं असं नसतं असं आपल्याला वाटतं. भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट इथे आठवते. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजीचा सामना. काठियावाडचा डाव २३८ वर आटोपला होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि कोल्हापूरचे निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा तेव्हाचा जागतिक उच्चांक मोडायला दहा धावा हव्या होत्या. सामना विश्रांतीसाठी थांबला. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोर साहेब म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. आणि ते निघाले. सामना महाराष्ट्राला मिळाला. निंबाळकर ४४३ वरच राहिले.

शाळेत ही गोष्ट कानावर आली तेव्हा ठाकोर साहेब खलनायक वाटायचे. आता तितकं सोपं वाटत नाही. त्यांची बाजूही मांडून बघा. सामना केव्हाच हातातून गेला होता. उरलं होतं ते एकच काम: दुसऱ्याच्या विक्रमासाठी चेंडू टाकत राहणं आणि विक्रम झाल्यावर 'ज्यांच्याविरुद्ध झाला ते' म्हणून कायमचं पुस्तकात जाणं. त्यांना त्या दहा धावा देणं बंधनकारक होतं का? खेळाच्या नियमांनी बघितलं तर हो, सामना संपेपर्यंत खेळायलाच हवं होतं. मैदान सोडणं चूकच. पण त्या चुकीमुळे एक गोष्ट उघडी पडते, जी एरवी झाकलेली राहते. विक्रमाला समोर उभं राहून हरणारी माणसं लागतात, आणि त्यांनी उभं राहायचं नाकारलं तर जगातला सर्वोत्तम फलंदाजही हवेत बॅट फिरवत बसेल.

ही हरणारी माणसं आपण कधी आठवत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शालेय सामन्यात प्रणव धनावडेने ३२७ चेंडूंत नाबाद १,००९ केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, वय पंधरा. बातमी जगभर गेली. समोरच्या शाळेचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाला होता. तीही मुलंच होती. हजार धावांसाठी त्यांनी चेंडू टाकले, आणले, पुन्हा टाकले. त्यांच्या संध्याकाळी कशा गेल्या असतील हे कोणी विचारलं नाही. आसामची ती मुलं, ज्यांनी झोलला ४६७ चेंडू टाकले, त्यांनाही कोणी विचारत नाही.

म्हणून पहिली समजूत डळमळते. विक्रमाचा आकडा एकाच्या नावावर लिहिला जातो, पण तो घडवायला फेकणारे, टाकणारे, थांबणारे, न निघून जाणारे असे बरेच जण लागतात. आकडा घडताना इतक्यांचे हात होते, तर पुढे तो आकडा पुन्हा घडला नाही याचा दोष एकाच्याच खात्यावर कसा काय?

*

दुसरी समजूत वचनाची.

वचन मोडायला आधी ते कोणीतरी द्यावं लागतं. सतरा वर्षांच्या मुलाने दिवसभर बॅटिंग केली. त्याने जिल्ह्याला, राज्याला, देशाला काही कबूल केलं नव्हतं. कबूल आपण करून घेतलं, आपलं आपणच. 'जालन्याचा पोरगा इंडिया खेळणार' हे वाक्य चहाच्या टपरीवर तयार झालं आणि आपण ते त्याच्या तोंडी घातलं.

इथे कोणी म्हणेल की असोसिएशनने त्याच्यावर पैसा खर्च केला, निवडकर्त्यांनी जागा दिली, त्याच्या जागी दुसऱ्याला मिळाली असती. मग अपेक्षा ठेवली तर बिघडलं कुठे? काहीच बिघडलं नाही. अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पण अपेक्षा आणि हक्क यांत फरक आहे. पाऊस पडेल अशी अपेक्षा आम्ही दर जूनमध्ये ठेवतो. नाही पडला तर वाईट वाटतं, पण पावसाने आमचं देणं थकवलं असं कोणी म्हणत नाही. आणि खेळाडूला मिळालेली संधी तो खेळून फेडत असतो, रोजच्या रोज. ती काही उधारी नाही की आयुष्यभर व्याज चढत जावं.

तत्त्वज्ञानात या प्रकाराला 'नैतिक नशीब' म्हणतात. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी यावर निबंध वाचले. विल्यम्सने चित्रकार गोगँवरून सुचलेलं उदाहरण घेतलं: बायकापोरांना मागे टाकून चित्रं काढायला दूर बेटावर जाणारा माणूस. तो थोर चित्रकार झाला तर त्याच्या निर्णयाला निदान काही समर्थन मिळतं. नाही झाला तर तो फक्त घर सोडून गेलेला माणूस. पण निर्णयाच्या दिवशी यातलं काय होणार हे त्याला माहीत नसतं. म्हणजे आज केलेल्या गोष्टीचं मोल उद्याच्या हातात.

आपल्याकडे हे रोज घडतं. पोराला खेळासाठी पुण्याला ठेवणारा, त्यासाठी एक एकर विकणारा बाप घ्या. पोरगा चमकला की मुलाखतीत तो बाप 'दूरदृष्टीचा'. नाही चमकला की गावच्या पारावर 'वेडा'. बाप तोच, एकर तेच, निर्णयही तोच. मधल्या काळात फक्त कोणाचा तरी गुडघा दुखावला असेल, किंवा निवड समितीत एक माणूस बदलला असेल.

आता सर्वांत कठीण आक्षेप. २०१४ च्या त्याच संघात संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, दीपक हुडा आणि सर्फराज खान होते. पाचही जण पुढे भारताकडून खेळले. मग नशिबाचं रडगाणं कशाला?

आक्षेप खरा आहे आणि तो टाळायला नको. वरच्या पातळीवर एखाद्याच्या धावा कमी पडल्या, हे म्हणता येतं. तो क्रिकेटचा निवाडा आहे आणि आकड्यांवर करता येतो. पण त्याच यादीतल्या सर्फराजकडे बघा. त्याला कसोटी पदार्पणासाठी फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं, म्हणजे त्या विश्वचषकानंतर दहा वर्षं. रणजीत धावांचे डोंगर रचूनही. ते बोलावणं आलंच नसतं, तर आपण त्यालाही 'वाया गेला'च्या रांगेत बसवलं असतं, आणि त्याच्या धावा मात्र तेवढ्याच असत्या. 'निवड झाली नाही' हे वाक्य एका संघाबद्दल आहे. 'वाया गेला' हे वाक्य एका माणसाबद्दल आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला मध्ये पूल नाही.

*

तुम्ही क्रिकेट बघत नसाल तर इथपर्यंत वाचताना वाटलं असेल की हे आपल्याबद्दल नाही. आहे.

मला दहावीला चांगले मार्क होते. गावातून पहिला. चौकात फ्लेक्स लागला: माझा पासपोर्ट फोटो ताणून मोठा केलेला, खाली शुभेच्छुकांची वीस नावं, आणि नावाच्या आधी 'भावी जिल्हाधिकारी'. तोपर्यंत मला जिल्हाधिकारी नेमकं काय करतात हेही माहीत नव्हतं. पुढे मी पदवी घेतली, पुण्यात दोन-तीन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, आणि आता एका खासगी कंपनीत काम करतो. काम बरं आहे. घरी पैसे पाठवतो. पण दिवाळीला गावी गेलो की पारावरचे काका विचारतात, "काय रे, तू तर कलेक्टर होणार होतास ना?" मी कधी म्हटलं होतं?

माझा मामेभाऊ याहून पुढचा. त्याच्याइतका वेगवान टेनिस बॉल टाकणारा आमच्या तालुक्यात नव्हता. रात्रीच्या टुर्नामेंटला त्याला दुसऱ्या तालुक्यांतून बोलावणं यायचं, गाडी पाठवून. आता तो सळईच्या कारखान्यात शिफ्टमध्ये आहे. कोणी पाहुणा आला की मामा ओळख करून देतात, "हा आमचा. खेळला असता हा." व्याकरण बघा. खेळला असता. जो प्रत्यक्ष खेळला, शंभर रात्री खेळला, त्याच्यासाठी आम्ही संकेतार्थ वापरतो, जणू काही घडलंच नाही.

माझ्या आसपासची अर्धी पिढी याच व्याकरणात जगते. झाली असती, लागला असता, निघाली असती पोस्ट. पूर्व परीक्षा पास होऊन मुख्यला अडकलेली मुलं मी पुण्यात खोलीखोलीत बघितली. त्यांनी चार वर्षांत जे वाचलं, समजून घेतलं, त्याला निकालाच्या यादीत जागा नाही म्हणून त्यांनी स्वतःच त्याची किंमत शून्य लावली. 'माझी चार वर्षं गेली' असं म्हणतात. गेली कुठे? तुम्ही ती जगलात.

*

तिसरी समजूत शेवटच्या पायरीची, आणि ही मला सर्वांत घातक वाटते, कारण तिच्यातून कोणीच सुटत नाही.

जेरी राइसचंच बघा. २००५ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो डेन्व्हरच्या संघात सरावाला गेला. हंगाम सुरू व्हायच्या आधीच कळलं की पहिल्या फळीत जागा नाही, पार मागे बसावं लागेल. त्याने निवृत्ती घेतली. ज्याच्या जवळपास कोणी नाही अशा माणसाचं शेवटचं पान 'तुझी गरज नाही' असंच निघालं. शेवटच्या पायरीवरून मोजायचं तर राइसही वाया गेला. हे हास्यास्पद आहे, म्हणजे मोजायची पट्टीच चुकीची आहे.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण ए. ई. जे. कॉलिन्सचं. धनावडेच्या आधी कोणत्याही पातळीवरच्या सर्वोच्च धावा त्याच्या नावावर होत्या: इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजमधल्या एका शालेय सामन्यात, १८९९ मध्ये, नाबाद ६२८. वय तेरा. तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. सैन्यात गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याला कोणी विचारायला जावं का, की पुढे काय झालं?

निंबाळकरांचं 'पुढे' तर खूप लांब होतं. भारताकडून ते अधिकृत कसोटी एकही खेळले नाहीत. ४४३ नंतर ते ६४ वर्षं जगले आणि डिसेंबर २०१२ मध्ये गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्या ६४ वर्षांत किती लोकांनी त्यांना त्या दहा धावांबद्दल विचारलं असेल. ४४३ बद्दल किती जणांनी विचारलं असेल, कोण जाणे.

मराठीत 'रेकॉर्ड'साठी दोन शब्द आहेत आणि आपण ते सरसकट एकाच अर्थाने वापरतो. एक उच्चांक, एक विक्रम. उच्चांक म्हणजे सर्वांत वरचा आकडा. तो कागदावर असतो आणि कोणीतरी मोडतोच. ब्रॅडमन यांचा १९५९ मध्ये हनिफ मोहम्मदने ४९९ करून मोडला, त्याचा १९९४ मध्ये ब्रायन लाराने नाबाद ५०१ करून. विक्रम या शब्दाचा जुना अर्थ पाऊल टाकणं, पराक्रम करणं. वामनाच्या तीन पावलांवरून त्रिविक्रम. टाकलेलं पाऊल मोडता येत नाही. ते टाकून झालेलं असतं. पुढचं पाऊल कोणी मोठं टाकलं किंवा त्याच माणसाने पुन्हा टाकलंच नाही, तरी ते मागे जाऊन पुसलं जात नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने यासारखाच एक भेद केला होता. काही गोष्टी पूर्ण होईपर्यंत अपुऱ्या असतात, जसं घर बांधणं. अर्धं घर म्हणजे घर नाही. काही गोष्टी मात्र करत असतानाच पूर्ण असतात, जसं बघणं. बघायला लागलात की बघून झालेलंच असतं. आपण खेळाला घरबांधणी समजतो: युवा संघ म्हणजे पाया, रणजी म्हणजे भिंती, भारतीय संघ म्हणजे स्लॅब, आणि स्लॅब पडला नाही तर सगळं बांधकाम पडीक. माझं म्हणणं, खेळ हा बघण्याच्या जातीचा आहे. ४६७ चेंडू खेळत असताना तो मुलगा जे करत होता, ते त्या वेळी पूर्ण होतं.

हे हरणाऱ्यांचं समाधान आहे, असं म्हणणारा भेटेल. मी त्याला बाग दाखवीन. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दहा-दहा, बारा-बारा वर्षांची झाडं शेतकऱ्यांनी स्वतः तोडली. दुःख होतंच, कर्ज होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण कुठलाही शेतकरी त्या खोडाकडे बघून म्हणाला नाही की हे झाड फुकट गेलं. त्याने किती बहर दिले हे त्याला पाठ होतं. त्याच बहरांवर पोरीचं लग्न झालेलं असतं, विहीर खोदलेली असते. नुकसान मान्य करणं आणि मिळालेलं नाकारणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोरडवाहू भागातल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. झाडाच्या बाबतीत आम्ही तो पाळतो. पोरांच्या बाबतीत का पाळत नाही, हे मला कळत नाही.

*

मग करायचं काय? मोठं काही नाही.

जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकच्या प्रखर चतुर्वेदीने कूचबिहार ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद ४०४ केल्या. त्या बातम्यांत खाली एक ओळ होती: या स्पर्धेतली सर्वोच्च खेळी अजूनही महाराष्ट्राच्या विजय झोलची, नाबाद ४५१. बारा वर्षांनंतरही ती जागेवर होती. ओळ वाचून मी ती मामेभावाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "४६७ बॉल? पाय कसे राहिले असतील राव." पुढे काय झालं, हे त्याने विचारलं नाही. जो स्वतः टाकून थकलेला असतो त्याला पायांचाच प्रश्न पडतो.

तुमच्या चौकात येत्या जूनमध्ये पुन्हा फ्लेक्स लागतील. कोणाला पंचाण्णव टक्के, कोणी राज्य संघात, कोणी कुस्तीत तालुक्यात पहिली. मजकूर लिहायचं काम बहुतेक वेळा तुमच्यासारख्या मोबाइलवर पटकन टाइप करणाऱ्या पोरांकडेच येतं. फोटो लावा, शुभेच्छुकांची नावंही लावा, ती टळत नाहीत. जे केलं ते ठळक अक्षरांत लिहा, आकड्यासकट. फक्त नावाच्या आधीचा 'भावी' तेवढा खोडा.